पुन्हा पुन्हा ‘हा कोण?’

प्रश्न : ताई, माझं वय ५८. मुलगा आणि सून कित्येक वर्षं ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं कौतुक करतात, म्हणून आता मीही बघायला बसलो. ते दोघं दुसऱ्यांदा बघतायत, मी पहिल्यांदा. चार भाग झाले. खरं सांगतो, डोक्यावरून जातंय. दाढीवाले सगळे सारखेच दिसतात. एक जॉन मेलेला आहे, एक जॉन जिवंत आहे. रॉबर्ट राजा आहे आणि रॉब दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा आहे. दर पाच मिनिटांनी मी ‘हा कोण?’ विचारतो, मुलगा रिमोट दाबून थांबवतो, सांगतो, पुन्हा चालू करतो. आता त्याचा चेहरा बघून विचारायचीच भीती वाटते. इंटरनेटवरून सगळ्या घराण्यांची वंशावळ छापून घेतली तर उपयोग होईल का? की हे माझ्या आवाक्यातलंच नाही?

उत्तर : वंशावळ छापू नका. छापली असेल तर सुनेकडे देऊन टाका, तिचं बघून झालंय. या वंशावळी शेवटपर्यंत बघून झालेल्या माणसांनी बनवलेल्या असतात. कोणाचं लग्न कोणाशी लागलं ते त्यात असतं, आणि नावापुढे फुली असली की काय समजायचं ते तुम्हाला कळतंच. मी याहून मोठा मूर्खपणा केला होता. एका पात्राच्या नावाचं स्पेलिंग बघायला गेले, अर्धंच नाव टाइप केलं, तर खाली यादी उघडली : अमुक मरतो का, अमुक कसा मरतो, अमुक कोणत्या भागात मरतो. तेव्हा माझा पहिला सीझनही संपला नव्हता. पुढे तो माणूस पडद्यावर आला की मी मनातल्या मनात त्याचा निरोप घेत बसायची.

आता आवाक्याचं. २००९ मध्ये या मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, चित्रित झाला. बेनिऑफ आणि वाइस या निर्मात्यांनी तो आपल्या काही मित्रांना दाखवला. हे मित्र स्वतः लिहिणारे, कथा-पटकथेत मुरलेले. भाग संपला तरी सर्सी राणी आणि जेमी हे सख्खे भाऊबहीण आहेत, हे त्यांना कळलंच नव्हतं! आणि शेवटच्या प्रसंगाचा सगळा धक्का तर त्या नात्यावरच उभा आहे. तो पायलट जवळजवळ पूर्ण पुन्हा चित्रित करावा लागला, काही भूमिकांत कलाकारही बदलले. आज आपण जो पहिला भाग बघतो, त्यात राजाची स्वारी विंटरफेलला, म्हणजे स्टार्क घराण्याच्या किल्ल्यावर, येते तेव्हा त्या घरची धाकटी आर्या मोठ्यांदा सांगते की तो बघा जेमी लॅनिस्टर, राणीचा जुळा भाऊ. आणि तिची बहीण तिला गप्प बस म्हणते. ते वाक्य आपल्याचसाठी आहे. तेव्हा धंद्यातली माणसं जिथे गोंधळली, तिथे तुम्ही चौथ्या भागात गोंधळलात तर काही बिघडत नाही.

मीही पहिल्यांदा वही घेऊन बसले होते. दिसला माणूस की लिही नाव. तिसऱ्या भागापर्यंत चाळीसेक नावं झाली. थिऑन एका पानावर ‘थेऑन’, दुसऱ्या पानावर ‘थियान’. त्यातलं एकही नाव चेहऱ्याला चिकटेना, कारण मी लिहीत असताना तो चेहरा निघून गेलेला असायचा. वही बंद केली आणि मालिकाही. वर्षभरानं पुन्हा सुरुवात केली तेव्हा ठरवलं की नाव लिहायचंच नाही. माणूस कसा दिसतो आणि त्याचं कोणाशी काय देणं-घेणं आहे, एवढंच लिहायचं. त्या दुसऱ्या वहीतलं एक पान अजून माझ्याकडे आहे. त्यावर असं आहे :

‘टकला. हात बाह्यांत घालून चालतो. याला सगळ्यांचं सगळं माहीत.’

‘टोकदार दाढी. हसत हसत टोचतो. नेडच्या बायकोवर जुनं प्रेम, अजून गेलेलं नाही.’

‘म्हातारा. गळ्यात जाड साखळी.’

‘राजाचा धाकटा भाऊ. एकदम टापटीप. राजासारखा अजिबात नाही.’

तिसऱ्या भागात नेड स्टार्क, म्हणजे विंटरफेलचा सरदार आणि राजाचा नवा प्रधान, राजधानीत पोचतो आणि घोड्यावरून उतरून थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीला जातो, त्या प्रसंगावरचं हे पान. तुमचा तो भाग बघून झालाय, पण आज रात्री तेवढाच प्रसंग पुन्हा लावा. एक टेबल, भोवती चार-पाच माणसं, आणि नेड अजून प्रवासाच्या धुळीत. पहिल्यांदा बघताना आपण नावं पकडायच्या नादात असतो : व्हॅरिस, बेलिश, पायसेल, रेन्ली. दुसऱ्यांदा फक्त पैसा कुठे जातो ते बघा. राजाला नेडच्या सन्मानार्थ मोठी स्पर्धा भरवायची आहे आणि तिजोरीत खडखडाट आहे. कर्ज किती, तर साठ लाख सुवर्णनाणी. त्यातला मोठा हिस्सा कोणाचा, तर राणीच्या बापाचा. नेडला हा आकडा ऐकून धक्का बसतो, टेबलावरच्या बाकी कोणालाही बसत नाही. राजा स्वतः तर बैठकीला आलेलाच नाही. कोण साधा, कोण बनेल, आणि सिंहासन कोणाच्या खिशात आहे, हे सगळं त्या टेबलावर मांडलेलं आहे. हे कळलं की नावं हळूहळू आपोआप बसतात. नाही बसली तर ‘टोकदार दाढी’ म्हणा. मी दोन सीझन तेच म्हणत होते.

या मालिकेत माणसं नावानं लक्षात राहत नाहीत, उधारीनं राहतात. कोण कोणाचं देणं लागतो, कोणाला कोणाचं उट्टं काढायचंय. मग ते पैशाचं असो, रक्ताचं असो, नाहीतर मोडलेल्या शब्दाचं. लॅनिस्टर मंडळी आपलं देणं चुकवतात, हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल किंवा पडेल. गंमत म्हणजे ते त्यांचं अधिकृत घोषवाक्य नाहीच. अधिकृत आहे ‘माझी गर्जना ऐका’. ते कोणाच्या लक्षात राहत नाही, उधारीचं राहतं.

सगळ्यात जुनी उधारी तेवढी सांगते, कारण ती मालिका सुरू होण्याआधीची आहे आणि तुकड्यातुकड्यात येते, म्हणून नवा माणूस तिथेच घसरतो. सुमारे १७ वर्षांपूर्वी गादीवर टार्गेरियन घराण्याचा वेडा राजा होता. त्याच्या मुलानं नेडच्या बहिणीला पळवून नेलं, असं रॉबर्ट सांगतो. तिचं लग्न रॉबर्टशी ठरलेलं होतं. नेडचा बाप आणि थोरला भाऊ जाब विचारायला गेले, तर राजानं त्यांना हालहाल करून मारलं. मग बंड झालं. राजाच्या अंगरक्षकानंच राजाला मारलं, आणि तो अंगरक्षक म्हणजे जेमी लॅनिस्टर. रॉबर्ट राजा झाला, सर्सीशी लग्न केलं, पण मन त्या मेलेल्या मुलीतच राहिलं. पहिल्या भागात तो विंटरफेलला आल्या आल्या, बायको अंगणात उभी असताना, आधी तळघरात जाऊन त्या मुलीच्या पुतळ्यासमोर उभा राहतो. सर्सीचा चेहरा त्या क्षणी बघितलात का? नसेल तर तोही पुन्हा बघा. आणि वेड्या राजाची जी दोन पोरं समुद्रापार वाचली, त्यातली एक डेनेरिस. एवढं माहीत असलं की पहिला सीझन निभावतो.

डेनेरिसचं काय करायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. तिची गोष्ट वेगळी मालिका समजून बघा. तिच्याकडची माणसं आणि इकडची माणसं यांची गाठ पडायला फार वेळ आहे. तोपर्यंत दोन्हींचा संबंध जुळवत बसलात तर शिणाल.

आता एक फुकटची मदत, जी बहुतेक लोक बटण दाबून उडवून लावतात. सुरुवातीची श्रेयनामावली. दीड मिनिटाच्या आसपासची आहे. नकाशावर चाकं फिरतात, किल्ले उगवतात. ती दर भागाला तीच नसते. त्या भागात ज्या ठिकाणी गोष्ट जाणार, ती ठिकाणं नकाशावर उगवतात. म्हणजे आज कुठे कुठे जायचंय हे आधीच सांगितलेलं असतं. कलाकारांच्या नावाशेजारी त्यांच्या घराण्याचं चिन्हही असतं. लांडगा (स्टार्क), सिंह (लॅनिस्टर), सांबर (राजा रॉबर्ट), ड्रॅगन (टार्गेरियन) एवढी चार ओळखलीत तरी पुष्कळ. मुलगा ‘पुढे ढकला’ म्हणाला तर त्याला सांगा की हा भाग माझा आहे.

नावांच्या सारखेपणाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती निर्मात्यांनाही मान्य होती. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मूळ कादंबऱ्यांत रॉबर्ट नावाचा एक लहान मुलगाही आहे. मालिकेत त्याचं रॉबिन केलं, राजाशी घोळ नको म्हणून. आशा नावाची एक बाई होती (हो, उच्चार जवळजवळ आपल्या आशासारखाच), तिची यारा केली, कारण ओशा नावाची दुसरी होती. जॉन मात्र दोन ठेवले. मेलेला जॉन अ‍ॅरिन हा नेडच्या आधीचा राजाचा प्रधान. तो गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेला आणि संपूर्ण सीझनभर त्याच्या मृत्यूची चर्चा चालते. जिवंत जॉन स्नो. ‘स्नो’ हे घराणं नाही, बरं का. उत्तरेत लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला तेच आडनाव लावतात. दक्षिणेला डॉर्नमध्ये तसंच ‘सँड’. एकीकडे बर्फ, एकीकडे वाळू. त्यामुळे ‘स्नो घराणं कुठलं’ असं शोधत बसू नका. मी शोधलंय.

राहता राहिला तुमचा मुलगा. मध्येच थांबवायचं नाही असा करार करा. भाग संपल्यावर तीन प्रश्न, तीनच. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या दोनांची उत्तरं पुढच्या प्रसंगांनी दिलेली असतात, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. एकूण ७३ भाग आहेत, म्हणजे अजून ६९ उरलेत. त्याच्या चेहऱ्यालाही थोडी विश्रांती मिळायला हवी.

प्रश्न : मी ‘द विचर’ बघायला घेतली. पहिल्या भागात जी राणी मेली, ती पुढे जिवंत! आधी वाटलं की मीच झोपले होते. हे नेमकं काय आहे?

उत्तर : झोपला नव्हतात. पहिल्या सीझनमध्ये तीन गोष्टी एकत्र विणल्यात आणि तिन्ही वेगवेगळ्या काळांतल्या आहेत : राक्षस मारत फिरणाऱ्या गेरल्टची, चेटकीण येनेफरची आणि राजकन्या सिरीची. येनेफरची सगळ्यात आधी सुरू होते, कित्येक दशकं आधी. सिरीची ‘आज’ची, राणी मेली ती इथे. गेरल्टची या दोघींच्या मधली, हळूहळू आजपर्यंत येणारी, राणी जिवंत दिसते ती इथे. पडद्यावर ‘तीस वर्षांपूर्वी’ अशी पाटी कुठेही लावलेली नाही. चेटकिणी म्हाताऱ्या होत नाहीत, गेरल्टही सहज होत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरूनही काळ कळायची सोय नाही. हा मला लबाडपणाच वाटतो. प्रेक्षकाला कोडं घालायला हरकत नाही, पण आपण कोडं घातलंय हे तरी सांगावं!

तरी खुणा पेरलेल्या आहेत. राजे-राण्यांकडे बघा, ते आपल्यासारखेच म्हातारे होतात. तिसऱ्या भागात गेरल्टच्या बाजूला फोल्टेस्ट नावाचा पोक्त राजा आहे, शापामुळे हैराण झालेला. त्याच भागात येनेफरच्या बाजूला मेजवानी चाललेली असते आणि तिथे एक आई आपल्या पोराला दटावते. त्या पोराचं नाव फोल्टेस्ट. एकाच तासात तोच माणूस पोरगाही आणि प्रौढही. मला हे दुसऱ्यांदा बघताना कळलं आणि मी एकटीच मोठ्यांदा ‘अरे!’ म्हणाले. तुम्ही पहिल्यांदाच पकडा.

आठ भागांच्या शेवटाशी तिन्ही काळ एका जागी येतात. तोवर नवा प्रसंग सुरू झाला की ‘हे कुठे’ असं न विचारता ‘हे कधी’ असं विचारा.

प्रश्न : ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका गोष्टीच्या काळानुसार ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आधीची आहे. मग आधी तीच बघावी का?

उत्तर : नको. ती डेनेरिसच्या जन्माच्या १७२ वर्षं आधी सुरू होते हे खरं, पण तिथलं सिंहासन, ड्रॅगन, ते टार्गेरियन घराणं यांचं वजन तुम्हाला आधीच माहीत आहे असं धरूनच ती बनवलेली आहे. आधी २०११ची, मग २०२२ची.

शिवाय नवख्याला ती जास्त कठीण आहे, हे कोणी सांगत नाही. जुन्या मालिकेत केसांवरून घराणं कळायचं. इथे निम्मे लोक एकाच घराण्यातले, सगळ्यांचे केस पांढरे, आणि नावं तर रेनिरा, रेनिस, रेना. एमंड, एमा, एगॉन. एगॉनही एकाहून जास्त. त्यात पहिल्या सीझनच्या सहाव्या भागाला गोष्ट दहा वर्षं पुढे उडी मारते आणि रेनिरा व अ‍ॅलिसेंट या दोघी मैत्रिणींच्या भूमिकेत वेगळ्या अभिनेत्री येतात. मी तो भाग लावून पाच मिनिटं ‘ही बाई कोण, हिला बाळ झालंय आणि सगळे हिच्यामागे का लागलेत’ असं म्हणत बसले होते. हिरवी बाजू अ‍ॅलिसेंटची आणि काळी बाजू रेनिराची, एवढं धरून ठेवा. आणि कोणत्या मुलांचे केस पांढरे नाहीत, याकडे जरा लक्ष असू द्या. तिथले लोकही त्याच्याचकडे बघतायत.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूनं लिहितेय. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ माझी दोनदा बघून झाली. आता बाबांना सोबत घेऊन बघते. ते सारखं विचारतात, ‘हा चांगला की वाईट?’, ‘हा परत येणार का?’ मी काहीच फोडत नाही, फक्त ‘पुढे कळेल’ म्हणते. तरी ते म्हणतात की तू सगळं सांगून टाकतेस. माझं काय चुकतं?

उत्तर : ‘पुढे कळेल’ हेच चुकतं. ज्याच्याबद्दल पुढे काही कळणार असतं त्याच्याच बाबतीत आपण ते म्हणतो. साध्या पहारेकऱ्याबद्दल विचारलं तर तुम्ही ‘कोणी नाही, पहारेकरी आहे’ असंच सांगाल ना? बाबांनी चार भागांतच तुमची भाषा फोडली. कोण मोठा होणार, कोण दगा देणार, सगळं त्यांना तुमच्या ‘पुढे कळेल’वरून कळतंय.

बहिणीनं मला ही मालिका दाखवली तेव्हा ती तर याहून वाईट करायची. एखादा प्रसंग जवळ आला की ती मोबाइल खाली ठेवायची. एरवी तासभर डोळे मोबाइलवर, आणि मध्येच मोबाइल उपडा. एकदा एका मेजवानीच्या प्रसंगात सगळे हसत-खिदळत होते, काही अघटित घडेल असं वाटतही नव्हतं, आणि बाजूला टप् असा आवाज आला. मी वळून बघितलं, तर मोबाइल उशीवर पालथा आणि तिचे डोळे माझ्या तोंडाकडे.

तुम्ही त्यांना फक्त आतापर्यंत दाखवलेलंच सांगा, आणि सगळ्यांबद्दल एकाच आवाजात. ‘हा राणीचा धाकटा भाऊ, गेल्या भागात तुरुंगात होता.’ संपलं. ‘चांगला की वाईट’ विचारलं तर उलटं विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आणि ते जे म्हणतील त्यावर हसू नका. हसणं आवरत नसेल तर चेहऱ्यासमोर उशी धरा, पण मग ती प्रत्येक भागात, पहिल्या मिनिटापासून धरून बसावी लागेल.